उभ्या गाडीतली झोप



मागच्या मे महिन्यातली गोष्ट. एका अशिलाच्या कामासाठी रात्री साडेअकराच्या सुमारास मी वाडीला, अमरावती रोडवरच्या एका गोदामापाशी उभा होतो. ओळीने ट्रक लागलेले. त्यातल्या एकाच्या केबिनची दोन्ही दारे सताड उघडी, आणि दारातून दोन पाय बाहेर आलेले. रात्र झाली तरी पत्रा हात लावू देत नव्हता. आत पहुडलेला माणूस बाळापूरकडचा. माझा काळा कोट बघून उठून बसला आणि म्हणाला, “वकीलसाहेब, एक विचारू का? गाडीत झोपणं गुन्हा हाये का जी?”

दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या एका शहराच्या वेशीवर पहाटे तीनला त्याला उठवले होते. पावती नो पार्किंगची फाडली, पण सारे बोलणे झोपेवरून. “काहून झोपला बे इथं?” हा प्रश्न तीनदा. मी त्याला म्हणालो, “नाही, झोपणं गुन्हा नाही.” आणि मग वकिलाच्या सवयीने “पण” लावले. गाडी कुठे उभी आहे, कशी उभी आहे, इंजिन चालू आहे का, असे पाच मिनिटे बोललो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मंग झोपू का नोको?”

मला सरळ उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

ज्या वकिलांच्या स्मृतीसाठी भरणाऱ्या या व्याख्यानमालेत आपण जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली मी कामगार न्यायालयातली पहिली वर्षे काढली. कलम हातात आले की त्यात कोण आहे हे सगळेच बघतात. कोण नाही तेही बघायचे, ही सवय त्यांनी लावली. आजचे व्याख्यान त्या सवयीतूनच आले आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ उघडा. गाडी थांबवण्याविषयी त्यात बरेच आहे. कलम १२२ म्हणते, सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा नाहक त्रास होईल अशा तऱ्हेने गाडी उभी ठेवू नये. कलम १२६ उभ्या गाडीविषयी आहे: एकतर चालकाच्या सीटवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक वेळ बेवारस सोडलेली गाडी, किंवा पार्किंगला मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी, गणवेशातला पोलीस अधिकारी उचलून नेण्याचा किंवा तिला जामर लावण्याचा आदेश देऊ शकतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १७७चा सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी ५०० रुपये, पुढच्या वेळी १,५०० रुपये. शिवाय १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८५ आहे, सार्वजनिक रस्त्यावर अडथळा आणल्याबद्दल, ५,००० रुपयांपर्यंत दंडाचे.

हे सारे वाचून झाले की लक्षात येते, यात गाडी आहे, रस्ता आहे, इतर वाहने आहेत, पोलीस आहे. झोपलेला माणूस कुठेच नाही. त्याला मनाई नाही आणि परवानगीही नाही. म्हणून बाळापूरच्या त्या माणसाला कायद्याचे उत्तर असे: तुझी झोप हा गुन्हा नाही. गाडी जिथे उभी करायला मुभा आहे तिथे, धोका न होता, इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून उभी असेल तर आत तू जागा आहेस की झोपला आहेस याच्याशी या कायद्याला देणेघेणे नाही. उलट, तू आत आहेस म्हणून तुझी गाडी बेवारस ठरत नाही. कलम १२७च्या दहा तासांचा हिशेब तुला लावता येणार नाही, असे माझे मत आहे आणि ते मी कोणत्याही न्यायालयात मांडायला तयार आहे.

मग पहाटे तीनला “काहून झोपला” हा प्रश्न येतो कुठून? तो जुन्या संशयातून येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याचे कलम १२२ बघा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यावर, आवारात किंवा अन्य जागी पडलेला वा रेंगाळणारा माणूस समाधानकारक कारण देऊ शकला नाही, तर तो शिक्षेला पात्र ठरतो. पण त्यात एक अट आहे: तो नामचीन चोर असला पाहिजे. रस्त्यावरच्या बोलण्यात ही अट गळून पडते आणि रात्री पडलेला प्रत्येक माणूस आपल्या झोपेचा खुलासा देणे लागतो, असे धरले जाते. मुंबईच्या १९५९च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात तर भिकेची व्याख्याच इतकी पसरट आहे, की उदरनिर्वाहाचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी राहतो, एवढ्यावर माणूस तिच्यात ओढला जाऊ शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरत्या त्या कायद्यातल्या अनेक तरतुदी रद्द केल्या. गरीब माणूस झोपलेला दिसला की त्याच्याकडे बघायची नजर या जुन्या कायद्यांनी घडवली आहे, आणि ती नजर ट्रकच्या केबिनपर्यंत पोचते. केबिनमधला माणूस निराधार नसतो. त्याच्या ताब्यात लाखो रुपयांचा माल असतो.

दारूचा मुद्दा इथेच उरकतो, कारण तो नेहमी विचारला जातो. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवण्याचा प्रयत्न करणाऱ्याला लागू होते. इंग्लंडमध्ये नुसती गाडी ताब्यात असणे हाही वेगळा गुन्हा आहे. आपल्या कलमात ते शब्द नाहीत. तेव्हा प्यायलेला माणूस किल्ली खिशात ठेवून मागच्या सीटवर झोपला, तर त्याने या कलमापुरते शहाणपणच केले. दारूबंदीचा कायदा वेगळा, आणि आपल्याला लागूनच असलेल्या, दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात तो फार वेगळा.

आता मी माझ्या वडिलांविषयी बोलतो. ते काटोलकडचे संत्रा बागायतदार होते. बाजार तेव्हा कळमन्याला गेलेला नव्हता. रेल्वे स्टेशनजवळच्या भागाला आपण आजही संत्रा मार्केट म्हणतो, तिथे होता. हर्रास सकाळी, म्हणून माल रात्रीच आणायचा. आधी बैलगाडी, मग भाड्याचा मेटाडोर. बैलगाडीखाली गोणपाट अंथरून झोपणे ही शेकडो वर्षांची रीत आहे. तिला कोणी कधी कायदा विचारला नव्हता. मेटाडोर आला आणि प्रश्न सुरू झाले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आंबिया बहराचा माल, डिसेंबरची थंडी. संत्र्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर मी आणि वडील एका चादरीत. मध्यरात्री कोणीतरी पत्र्यावर काठी आपटली. वडील खडबडून उठले, टोपी शोधू लागले आणि उभ्याउभ्या सांगू लागले की माल आपला आहे, अडत्याचे नाव अमुक, पट्टी दाखवतो. स्वतःच्या बागेतल्या संत्र्यांवर झोपलेला माणूस आपण चोर नाही हे सिद्ध करत होता. तो आवाज आणि टोपी शोधणारे ते हात मी विसरलेलो नाही. आज कळमन्यात मिरचीच्या, संत्र्याच्या हंगामात रात्री जाऊन बघा. वरुड, नरखेड, काटोल, सौंसरकडच्या गाड्या लागलेल्या असतात आणि प्रत्येक गाडीत एक माणूस मालाची राखण करत झोपलेला असतो.

झोप आणि राखण हे एकच काम आहे, हे समजल्याशिवाय या विषयाला हात घालता येत नाही. ट्रकचालक केबिनमध्ये झोपतो त्याचे कारण लॉजचे पैसे वाचवणे एवढेच नसते. गाडी सोडून गेला तर डिझेल जाते, बॅटरी जाते, स्टेपनी जाते, ताडपत्री कापून माल जातो आणि भरपाई त्याच्या पगारातून कापली जाते. मालकाचा रात्रीचा चौकीदार तोच. त्या चौकीदारीचा पगार मात्र कुणी देत नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिलेला एक निर्णय आपल्याकडे हवा तितका वाचला गेला नाही. इंदूर-बऱ्हाणपूर मार्गावरच्या बसचा एक चालक. बऱ्हाणपूर म्हणजे आपल्या जळगाव-बुलढाण्याच्या शेजारचे, मराठी घरोघरी समजणारे गाव. रात्री बस स्थानकात लागली होती. चालकाने बसच्या टपावर बसून जेवण केले आणि उतरताना तो पडून मरण पावला. उच्च न्यायालयाने म्हटले, हा मृत्यू कामावरचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि वारसांची भरपाई कायम केली. कारण काय दिले? तो माणूस तिथे बससोबत थांबला तो स्वतःच्या आवडीने नाही, कामाच्या गरजेने थांबला.

हा तर्क मला ओळखीचा वाटला, कारण तो १९८५ साली आपण ऐकला होता. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या त्या प्रसिद्ध खटल्यात, १० जुलै १९८५ रोजी, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असे ठरवले. त्याच निकालात न्यायालयाने हेही मान्य केले की हे लोक पदपथावर आले ते परिस्थितीच्या रेट्याने, निवडीने नव्हे. गुन्हा करण्याच्या हेतूने तर नव्हेच. पदपथावर कायम राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढे २०१२मध्ये, रामलीला मैदानावर मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर झालेल्या पोलीस कारवाईच्या प्रकरणात, न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात झोप हा मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे लिहिले. आणि एप्रिल २०२४मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने, रात्रभर जागवून जबाब घेण्याच्या प्रकरणात, झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे सांगून तपास यंत्रणेला खडसावले. तो अर्जदार वृद्ध होता, त्याच्यामागे वकील होते. रात्री तीनला केबिनमध्ये उठवलेल्या माणसामागे कोणी नसते, पण झोप तीच आहे.

रस्त्यांविषयी नागपूर बोलणार नाही तर कोण बोलणार? झिरो माइल आपल्याकडे. उत्तर-दक्षिण जाणारा ४४ क्रमांकाचा आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. काश्मीरचे सफरचंद आणि तामिळनाडूचा नारळ आपल्या दारातून जातो. आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा, ५२० किलोमीटरचा, इथूनच सुरू झाला. रस्ता आधी आला. विसाव्याच्या जागा, स्वच्छतागृहे, ट्रक थांबे मागे राहिले. सरळ, मोकळा, एकसुरी रस्ता डोळ्यांवर झापड आणतो, याला तज्ज्ञ महामार्ग संमोहन म्हणतात, आणि आपल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या अभ्यासकांनी समृद्धीच्या संदर्भात त्याकडे बोट दाखवले होते. १ जुलै २०२३च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेड राजाजवळ उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. त्या सकाळी या शहरातल्या किती घरांत फोन वाजले ते आपण विसरलेलो नाही.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १५ ऑक्टोबर २०२३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर वैजापूरजवळ याच महामार्गावर सैलानी बाबांच्या दर्ग्याहून परतणाऱ्या भाविकांची गाडी एका थांबलेल्या ट्रकवर आदळली. १२ जण मेले. तो ट्रक परिवहन विभागाच्या लोकांनी तपासणीसाठी थांबवल्याचे पुढे आले आणि त्यावरून अटकाही झाल्या. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो. द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी लावून झोपण्याला मी पाठिंबा देतो आहे असे कुणी समजू नये. तिथे थांबलेली गाडी म्हणजे मृत्यू. मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ तिथे अक्षरशः लागू व्हायला हवे, चालकाला, तसेच त्याला थांबवणाऱ्यालाही. पण मग ज्याचे डोळे मिटत आहेत त्याने जायचे कुठे? सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०२०च्या अभ्यासात निम्म्याच्या आसपास ट्रकचालकांनी सांगितले की झोप आली, थकवा आला तरी आम्ही गाडी चालवतो. थांबला तर दंड, चालला तर अपघात. या दोहोंमध्ये त्याला आपण ठेवले आहे.

आणि आता ते कलम, ज्यासाठी मी हे व्याख्यान स्वीकारले. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१, कलम ९. ते म्हणत होते: ज्या ज्या ठिकाणी कामगारांना रात्री मुक्काम करावा लागतो, त्या प्रत्येक ठिकाणी मालकाने विश्रांतिगृह किंवा दुसरी योग्य निवासाची सोय केली पाहिजे आणि ती नीट राखली पाहिजे. त्याच कायद्यात दिवसाचे आठ तास काम, दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची विश्रांती होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ने ही कामाच्या तासांची मर्यादा आपल्यात ओढून घेतली. म्हणजे बिछाना देण्याची जबाबदारी साठ वर्षांपूर्वीच लिहिली गेली, आणि ती मालकावर. मी वकिली केली तेवढ्या काळात गाडी कुठे उभी केली म्हणून चालकावर झालेले खटले ढीगभर पाहिले. बिछाना दिला नाही म्हणून मालकावर झालेला एकही पाहिला नाही.

त्या कायद्यात कोण नव्हते? तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता. एक-दोन गाड्यांचे मालक सहसा त्याच्या बाहेर, आणि आपल्या रस्त्यांवरचे बहुतेक ट्रक अशाच मालकांचे. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने, ती २०२५मध्ये लागू होताच, हा कायदा पोटात घेतला. बिछान्याचे कलम त्या पोटात विरघळू नये, एवढे कामगार संघटनांनी डोळ्यांत तेल घालून बघावे.

युरोपात हाच प्रश्न उलट्या बाजूने सुटला. २०१७ साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठरवले की ट्रकचालकाची आठवड्याची नियमित ४५ तासांची विश्रांती गाडीच्या केबिनमध्ये घेतली जाऊ नये. २०२०मध्ये ते नियमात स्पष्ट आले आणि निवासाचा खर्च मालकावर टाकला गेला. रोजची छोटी झोप केबिनमध्ये चालते, पण त्यात झोपायची योग्य सोय हवी आणि गाडी थांबलेली हवी. अमेरिकेत मात्र जून २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओरेगॉनमधल्या ग्रँट्स पास या छोट्या शहराचा, सार्वजनिक जागी मुक्कामाला मनाई करणारा नियम सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. त्या नियमात गाडीत झोपणेही येत होते. बेघर माणसाची झोप तिथे दंडनीय झाली. आपण कोणत्या वाटेने जायचे, हे अजून आपल्या हातात आहे.

एक तांत्रिक बाब, जी नागपूरसाठी तांत्रिक उरत नाही. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. पंचेचाळीस अंशांवर चालक भाजतात, हे आपले खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी अनेकदा बोलून दाखवले होते, आणि हा निर्णय योग्यच आहे. पण केबिनचा एसी इंजिनावर चालतो. मे महिन्यात रात्री इंजिन चालू ठेवून चालक मागच्या बर्थवर झोपला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६च्या शब्दांत तो चूक ठरतो, कारण इंजिन चालू आणि सीटवर कोणी नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी जिवाचा प्रश्न आहे. अर्धवट जळालेल्या इंधनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग; तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. डिसेंबर २०२४मध्ये केरळात वडकरा येथे उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसे याच वायूने गेली. तेव्हा बंद काचा आणि चालू इंजिन यांत कुणीही झोपू नये, मोटारवाल्यांनीही. थांब्यावर वीजजोडणी असली, झाड असले, शेड असली, तर इंजिन चालू ठेवण्याची वेळच येणार नाही.

म्हणजे फिरून जागेपाशीच येतो. शहरात जड वाहनांच्या प्रवेशाला वेळेची बंधने आहेत. ती हवीतच, आपली मुले त्याच रस्त्यांवरून शाळेत जातात. पण आपल्याच अधिसूचनेमुळे जो माणूस वाडीला, कापशीला, पारडीला रात्रभर थांबतो, त्याला थांबण्याची जागा देण्याची जबाबदारीही आपलीच. मोटार वाहन कायद्याचे कलम ११७ राज्य सरकारला, किंवा त्याने अधिकृत केलेल्या प्राधिकरणाला, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून गाड्या उभ्या करण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार देते, ठरावीक वेळेसाठी किंवा अमर्याद काळासाठी. कायदा हवा तो आहे. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२४मध्ये महामार्गांवर पहिल्या टप्प्यात १,००० विश्रांतिस्थळांची घोषणा केली, तेल कंपन्यांच्या पंपांवर ‘अपना घर’ नावाचे निवारे आहेत. ते वाढावेत. पण मालाजवळ झोपणाऱ्याला मालापासून दूरचा बिछाना उपयोगी नाही. त्याला राखणीची खात्री देणारे कुंपण हवे, दिवा हवा, नळ हवा, संडास हवा.

हे शहराला येत नाही असे नाही. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे देशभरातून गाड्या येतात. टेम्पो, ट्रॅव्हल्स, जीप. माणसे गाडीत झोपतात, गाडीखाली झोपतात, लेकरांना सीटवर निजवून आया खाली अंथरूण टाकतात. त्या रात्री शहर पाणी देते, जेवण देते, दिवे देते. हिवाळी अधिवेशनाला मोर्चे येतात, तेव्हाही हेच दिसते. आणि मेडिकल रुग्णालयाच्या बाहेर तर रोजच: गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा, आदिलाबादहून पेशंट घेऊन आलेल्या गाडीत नातलग रात्र काढतो. त्याला जाऊन “काहून झोपला” म्हणून विचारण्याची कुणाची हिंमत होणार नाही. ट्रकवाल्यालाही तो प्रश्न विचारू नये, एवढेच माझे मागणे.

मी कलम ११७चा आधार घेऊन एक अर्ज तयार केला आहे. तो राज्याच्या परिवहन विभागाला आहे. प्रती नागपूर महानगरपालिका, वाडी नगरपरिषद आणि वाहतूक पोलिसांना. मागितले एवढेच आहे: वाडी, कापशी आणि कळमना या तीन ठिकाणी रात्रीच्या मुक्कामाच्या जागा अधिसूचित कराव्यात, आणि तिथे लावलेल्या फलकावर ‘गाडीत झोपण्यास मुभा आहे’ हे वाक्य मराठीत आणि हिंदीत लिहावे. बाळापूरच्या त्या भावाला त्याची एक प्रत पाठवली आहे. अर्ज सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवला आहे, शेजारी पेन आहे.